मामाचा जुना रिसीव्हर: घरच्या दुरुस्तीनंतरचे आठ महिने

आधी निकाल सांगते, कहाणी मागाहून. सत्तरच्या दशकातला हा स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत) गेले आठ महिने रोज दोन-तीन तास चालतोय आणि छान चालतोय. मधे चार दिवस तो पुन्हा टेबलावर उघडा पडला होता. ते चार दिवस सर्वस्वी माझ्याच करणीचे. ते पुढे येईलच.

मामाने दिला तेव्हा तक्रार साधी होती: डावीकडून आवाज येत नाही. चालू केला की तीन-चार सेकंदांनी आतला रिले (स्पीकर जोडणारा, विजेवर चालणारा स्विच) टक् करायचा, उजवा स्पीकर गायला लागायचा आणि डावा गप्प. गंमत म्हणजे आवाज चांगलाच मोठा केला की डावाही एकदम जागा व्हायचा, आणि मग हळू केला तरी थोडा वेळ चालत राहायचा. ही खूण तेव्हाच ओळखायला हवी होती. पण माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, की जुना सेट म्हणजे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वाळलेले. आधी ते बदलू, मग पुढचं पुढे.

दोन शनिवार-रविवार घालवून तीसेक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. एका वेळी एकच काढायचा, त्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा लावायचा, हा नियम पाळला. तरी एक उलटा बसलाच. नव्या कपॅसिटरवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो. माझ्या बोर्डावर छापलेली खूण मात्र धन टोकाची होती. रात्री उशिरा हात सवयीने चालला. उघडताना काढलेले फोटो शेजारी धरून सगळं पुन्हा तपासलं, म्हणून वीज देण्याआधी सापडला. काढलेले जुने कपॅसिटर नंतर मोजले, तर तिसातले जेमतेम चार खराब. आणि डावा स्पीकर? होता तसाच मुका.

तेव्हा कुठे शांतपणे बसून विचार केला. या सेटच्या पाठीमागे प्री-आउट (प्रीअँप, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा आधीचा टप्पा, त्यातून बाहेर) आणि मेन-इन (पॉवर अँप, म्हणजे स्पीकर चालवणारा टप्पा, त्याच्या आत) अशी भोकं आहेत आणि ती यू आकाराच्या धातूच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. पट्ट्या काढल्या आणि दोन केबल तिरक्या लावल्या. डाव्या प्रीअँपचा सिग्नल उजव्या पॉवर अँपला, उजव्याचा डाव्याला. दोष उजवीकडे सरकला तर तो प्रीअँपमध्ये. जागचा हलला नाही तर पॉवर अँपमध्ये किंवा त्याच्याही पुढे. हलला नाही. मग फोनवरून २०० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवत ठेवला आणि मल्टिमीटर एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर) लावून रिलेच्या दोन्ही बाजू मोजल्या. अँपकडच्या बाजूला डावं-उजवं सारखं, स्पीकरकडच्या बाजूला डावीकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे रिलेचे संपर्क काळे पडलेले. हळू आवाजातलं व्होल्टेज त्या थरातून पार होत नव्हतं, मोठ्या आवाजाचं होत होतं. सगळी तपासणी पाच मिनिटांची, आणि ती मी तीस कपॅसिटरांनंतर केली.

आता माझी करणी. रिलेचं झाकण काढून संपर्क बारीक पॉलिश पेपरने घासले. आवाज लख्ख आला, मी खूश. चौथ्या महिन्यात डावीकडे खरखर सुरू झाली. पॉलिश पेपरने संपर्कांवरचा चांदीचा मुलामाच निघाला होता आणि उघडा धातू आधीपेक्षा लवकर खराब झाला. घासायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्कांमधून दोन-चारदा ओढावी, बस. माझा रिले तोवर त्याच्याही पलीकडे गेला होता, म्हणून नवा बसवला. कॉइल २४ व्होल्टची आहे एवढंच बघून भागत नाही, तिचा रोधही जुन्याशी जुळायला हवा. बाजूचं सर्किट त्या हिशेबाने बांधलेलं असतं. पाय जुळेनात, तेव्हा इंचभर तारांनी जोडला. दिसायला ओबडधोबड आहे. तेव्हापासून खरखर नाही.

रिले बायपास करून टाका असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की अँपच्या आतलं सगळं डीसी (एकाच दिशेचं) व्होल्टेज थेट स्पीकरवर जातं आणि व्हॉइस कॉइल जळते. तो टक् आवाज त्यासाठीच तर आहे.

जिवाच्या गोष्टीही सांगायला हव्यात. वीजपुरवठ्यातले फिल्टरचे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात. माझ्याकडे दहा मिनिटांनंतरही मीटर ३० व्होल्ट दाखवत होता. रेझिस्टरमधून ते उतरवायचे, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. दुसरं, पहिल्यांदा वीज देताना सेटच्या वीजवाटेत सिरीजमध्ये १०० वॅटचा जुना, तंगस्टनच्या तारेचा बल्ब लावला होता. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. झगझगीत तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. एलईडी बल्ब याला चालत नाही.

बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा प्रवाह, लावताना छाती धडधडली, खोटं कशाला सांगू. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट हवे होते, म्हणजे साधारण २१ मिलिअँपिअर. जुना ट्रिमर (हा प्रवाह ठरवणारा, स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) केसभर फिरवला आणि आकडा एकदम तिपटीवर गेला. आतली पट्टी झिजलेली. हे ट्रिमर एखाद्या जागी संपर्क सोडतात, आणि तशा वेळी काही सर्किटांत प्रवाह इतका चढतो की ट्रान्झिस्टर जातात. लगेच बंद केला, दोन्ही बाजूंना बहुफेरी ट्रिमर लावले, सेट पंधरा मिनिटं तापू दिला आणि मग लावलं. स्पीकरच्या टोकांवरचा डीसी ऑफसेट (गाणं नसताना उरलेलं डीसी व्होल्टेज, शून्याच्या जवळ हवं) आता डावीकडे १२ आणि उजवीकडे १८ मिलिव्होल्ट आहे. पाच महिन्यांनी पुन्हा मोजला, एक-दोनचा फरक.

वापराबद्दल. आवाज भरदार आहे, त्याची मला फार भूल नाही. पण रात्री अगदी हळू ऐकताना लाउडनेसचं बटण दाबलं की खर्ज जागेवर येतो, ही सोय नव्या यंत्रांत मला चुकते. एफएम स्वच्छ लागतं. ट्यूनरमधल्या कॉइलींचे स्क्रू मात्र मी शिवलेही नाहीत. मोजायला उपकरण नसताना ते फिरवणं म्हणजे चांगलं चाललेलं बिघडवणं, शिवाय आतला फेराइटचा गाभा तडकतो. डायलमागे हौसेने एलईडी लावले होते. काचेवर उजेड थंड, निळसर पडला आणि ते लुकलुकायचे, कारण दिव्यांना एसी मिळतो. आठवड्यात काढून पुन्हा तारेचे दिवे बसवले.

खटकतं तेही सांगते. अगदी हळू आवाजावर उजवी बाजू किंचित मागे पडते, कारण व्हॉल्यूमच्या पॉटमधल्या (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरमधल्या) दोन पट्ट्या सुरुवातीला सारख्या चालत नाहीत. संपर्क साफ करायच्या स्प्रेने पॉटची खरखर गेली, हे गेलं नाही. सेट तापतो, आणि आमची मांजर जाळीवर जाऊन बसते. तिला उठवणं हा आता दिनक्रम झाला आहे, कारण हवेची वाट अडली की हीटसिंक हाताला सोसवत नाही. रिमोट नाही, याची सवय महिनाभरात झाली.

राहिलेलं एक काम: फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर) उजवीकडे चालू केल्यावर दहाएक मिनिटं बारीक फसफस येते, मग थांबते. सुरुवातीच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर असेल असा संशय आहे. रविवारी एकेकावर फ्रीझर स्प्रे (भाग झटकन थंड करणारा) मारून बघणार आहे, आवाज कुणाच्या अंगावर बदलतो ते. तोवर एकही सुटा भाग मागवलेला नाही.