घोडीच्या पिकअपमधली रबर मॅट, वर्षभर वापरून

आमची मारवाडी घोडी हाय. लग्नसराईत वराती अन मार्गशीर्षात माळेगावची यात्रा, म्हणजे सारखं पिकअपमध्ये चढणं-उतरणं. तिच्या पायाखाली काय टाकावं यात लई पैसा घातला म्हणून सविस्तर लिहायलो.

आधी नुसती चेकर प्लेट होती. लोखंडी नाल, खाली लोखंडी पत्रा, त्यात घोडी मुतली की पाय ठरायचाच नाही. सोयाबीनचं भुस्कट टाकलं तर ते भिजून अजूनच सरकायला लागलं. मग एका फॅब्रिकेशनवाल्यानं वॉटरप्रूफ हाय म्हणून 12 एमएमचं प्लाय बसवून दिलं. दोन वर्षांनी अहमदपूरच्या पुढं गतिरोधकावर ब्रेक दाबला अन मागून कडाड् आवाज आला, उतरून बघतो तर तिचा मागचा पाय प्लायमधून खाली गेलेला. मूत स्क्रूच्या भोकांतून खाली झिरपत होतं, वाळायला वावच नाही, वरून रंग चकाचक अन खाली प्लाय कुजलेलं, पत्रा गंजून पापड झालेला. हाड वाचलं, पण खुराच्या वरची कातडी सोलली, डॉक्टरनं टाके घातले. तिचा तो थरथरणारा पाय अजून डोळ्यापुढून जात नाही.

आता सगळं उखडून खाली फुटा-फुटावर चॅनल, वर 5 एमएमची प्लेट, फाळक्याकडं पाणी जायला भोकं, अन त्यावर गोठ्यात गाईम्हशींखाली टाकतात ती 17 एमएमची रबर मॅट. पकड एक नंबर. पहिल्या दिवशी घोडीनं पुढचा खूर दोनदा आपटून बघितला, पत्र्यासारखा पोकळ आवाज आला नाही तशी सरळ आत गेली. आधी चढवायला अर्धा तास जायचा हो.

तक्रारी पण हायत. मॅट एकट्याला उचलत नाही. उन्हाळ्यात तापती, चढवायच्या आधी पाणी मारावं लागतं. अन कापताना कडेला फट राहू देऊ नका, नाल अडकती. माझी एका बाजूला बोटभर कमी भरली, पट्टी टाकून घ्यावी लागली.

पण मॅट कितीबी चांगली घ्या, तिच्याखाली पाणी साचतंच. मी दर पंधरा दिवसाला दोघं मिळून मॅट उचलतो, खाली धुऊन उन्हात पूर्ण वाळू देतो, अन पेचकस घेऊन सगळी प्लेट टोचून बघतो, कोपरे अन फाळक्याची कड आधी.