अठ्ठेचाळीस गोण्या आणि शिलाईतली चिठ्ठी

परवा गल्लीतले काका बैलगाडीत दोन गोण्या घालून आमच्या दारात आले. हिरव्या गोणीचं पशुखाद्य, मी वापरतो तेच. आत मुठीएवढे गठ्ठे, फोडले की निळसर बुरशी आणि कुबट वास. मी आधी एवढंच विचारलं, "तारीख-बॅचची चिठ्ठी कुठं आहे?" काका म्हणाले, "चिठ्ठी तं चुलीत गेली भाऊ. दोरा ओढला अन् फेकून देल्ला." दुकानदाराने त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. तीन हजारांवर पैसे गेले. त्यांचा चेहरा पाहून झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. कोठ्यात दोन संकरित गाई, एक म्हैस आणि एक भाकड गवळाऊ. गवळाऊला कुटार-कडब्यावर ठेवतो, हे खाद्य बाकी तिघींना. जूनपासून आठ महिन्यांत ४८ गोण्या संपल्या. हे टाइप-२ खाद्य आहे, म्हणजे पशुखाद्याच्या भारतीय मानकातला दुसरा दर्जा. त्याआधी आम्ही सरकी ढेप आणि तुरीची चुनी द्यायचो. ढेपीचा भाव परवडेना म्हणून बदललं.

पहिले दोन महिने मी खूश होतो. म्हशीने चार दिवस तोंड लावलं नाही, मग गूळपाणी शिंपडून सवय लावली. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गाई मिळून दिवसाला दीड लिटर वाढल्या. शेण घट्ट झालं, डेअरीवर म्हशीचं फॅट टिकून राहिलं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हणालो असतो.

पोळ्याच्या आठवड्यात पाच गोण्या आणल्या आणि त्यातल्या तीन आतून खराब निघाल्या. दुकानदार म्हणाला, "पावसाचं पाणी लागलं असन तुमच्या कोठ्यात. गोणी उघडली, आता ते तुमची." गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर होत्या. उरलेल्या दोन त्याच फळ्यांवर कोरड्या ठणठणीत होत्या, हे मी त्याला तीनदा सांगितलं. ऐकेना.

सगळा निकाल लागला तो आईमुळे. आई गोणीचा दोरा कधी फेकत नाही. शिलाई एका ओढीत सोडवते आणि दोऱ्याची गुंडी करून ठेवते, गोधडीला आणि वेल बांधायला कामी येतो म्हणून. कागदाची चिठ्ठी त्याच दोऱ्यात शिवलेली असते. गुंडी उकलली तर पाचही चिठ्ठ्या त्यात निघाल्या. तीन एका बॅचच्या, दोन दुसऱ्या. खराब गोण्यांच्या चिठ्ठ्यांवरची तारीख साडेतीन महिने जुनी होती, चांगल्यांवरची बारा दिवसांची. फोटो काढून कंपनीच्या नंबरवर पाठवले. माणूस आला, गोण्या पाहिल्या, बॅच नंबर लिहून नेला आणि एकोणिसाव्या दिवशी तीन नव्या गोण्या मिळाल्या. जुना माल दुकानदाराच्या गोदामात पावसाळाभर पडून होता, हे त्या माणसाने दुकानदारासमोर कबूल केलं.

गोणीवर गाईचं चित्र हातभर मोठं आहे, नाव चार रंगांत आहे. तारीख आणि बॅच मात्र बोटभर कागदावर, तेही अशा जागी की गोणी उघडताना तो कागद सुटून पडणारच. हा दोष मला खाद्याच्या भावापेक्षाही मोठा वाटतो. गोणी आणि कारखाना यांना जोडणारं तेवढंच एक सूत आहे. कायद्याचं पाहायला गेलो तेव्हा ते आणखी पटलं.

मला वाटायचं, बिस्किटाच्या पुड्यावर छापतात तसं सगळं इथेही सक्तीचं असेल. तसं नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि त्यातल्या 'अन्न' या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. माणसाच्या अन्नाचा निरीक्षक आमची गोणी उघडून बघत नाही तो त्यामुळे. वजन-मापं बघणाऱ्या वैधमापन खात्याचे पाकीटबंद मालाचे २०११ चे नियम आहेत. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत हे सगळं पाकिटावर असलं पाहिजे, असं ते सांगतात. पण २५ किलोपेक्षा जास्त वजनाचा माल त्यांनी बाहेर ठेवला. सिमेंट आणि खताच्या गोणीसाठी ५० किलोपर्यंत वेगळी मर्यादा घातली, पशुखाद्यासाठी नाही. आमची गोणी ५० किलोची. तिच्यावर एमआरपी का नाही आणि आर्वीत एका दुकानात ती ६० रुपयांनी महाग का, हे तेव्हा कळलं.

मग उरतं पशुखाद्याचं भारतीय मानक, आयएस २०५२. जानेवारी २०२० मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला होता की दुधा-मांसाच्या जनावरांचं विकतचं खाद्य मानकाप्रमाणे असावं आणि गोणीवर मानक ब्युरोचं चिन्ह असावं. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. आमच्या बाजारात बिनचिन्हाच्या गोण्या आजही चिन्हाच्या गोणीला टेकून उभ्या असतात.

माझ्या गोणीवर मानक ब्युरोचं ते चिन्ह, म्हणजे आयएसआय, आहे. चिन्हाखालचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, नंबर मोबाइलवर ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला, तर परवाना कंपनीच्याच नावावर निघाला. हे सर्वांनी करावं, दोन मिनिटांचं काम आहे.

इथे माझं एक मत बदललं, तेही सांगतो. सप्टेंबरमध्ये मी रागात होतो. काचेच्या ग्लासात मूठभर खाद्य भिजवलं, तर तळाला वाळूसारखा थर बसला. कंपनी रेती विकते, असं मी डेअरीवर चार लोकांत बोललो. नंतर नव्या गोणीचा नमुना नागपूरच्या एका प्रयोगशाळेत दिला. प्रथिने २०.६, ओलावा १०.२ आणि आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे आपल्या भाषेत वाळू, ३.४ टक्के. टाइप-२ ला मर्यादा ४ टक्के. म्हणजे ५० किलोत २ किलोपर्यंत नियमातच बसतं, आणि त्यातला काही भाग भाताच्या कोंड्यातूनच येतो. मी चुकीचं बोललो होतो. डेअरीवर जाऊन त्याच लोकांना तसं सांगितलं.

प्रथिनांच्या आकड्याबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. प्रयोगशाळेत नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून १०० किलोत १ किलो युरिया गेला तरी कागदावर प्रथिने जवळपास २.९ टक्क्यांनी वाढतात. मानक १ टक्क्यापर्यंत युरिया चालवतं. मोठ्या जनावराला तेवढा पचतो, लहान वासराला नाही, त्याचं पोट अजून तयार झालेलं नसतं. माझ्या गोणीवर 'युरियाविरहित' असं स्पष्ट छापलंय, आणि घमेलं ठेवताना मला त्याचा आधार वाटतो.

एक चूक माझीही आहे. बुरशीच्या विषाची, अफ्लाटॉक्सिनची, तपासणी मी पैसे वाचवायला टाळली. खराब तीन गोण्या जनावरांना घातल्या नाहीत, पण पहिल्या गोणीतली दोन घमेली आधीच गेली होती. हे विष खाद्यातून दुधात उतरतं आणि दूध उकळलं तरी ते जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशभराच्या दूध पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. दुधातली मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, इतकी बारीक. माझी नात तेच दूध पिते. पुढच्या पावसाळ्यात ही तपासणी करणार, खर्च कितीही येवो.

आता खाद्य चालू ठेवलंय. माल चांगला आहे, भाव ढेपीपेक्षा सोसतो. तारीख आणि बॅच गोणीच्या पाठीवर पक्क्या शाईने छापा, असं कंपनीला दोनदा लिहिलं. उत्तर आलं की 'सूचना नोंदवली आहे'. गोणी घेताना मी दुकानातच चिठ्ठी वाचतो, महिन्यापेक्षा जुनी असली तर उचलत नाही. दुकानदाराला ते आवडत नाही.

काकांसाठी काल १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार लावली. दुकानाची पावती त्यांच्याकडे आहे, पण पावतीवर बॅच नाही. पोटापुरता धंदा करणारा माणूसही ग्राहक कायद्यात ग्राहकच धरला जातो आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे त्यांना समजावलं. काकूंनी उकिरड्यावरची राख चाळून पाहिली. चिठ्ठीचा एक कोपरा सापडला, त्यावर बॅचचे तीन आकडे दिसतात. तेवढ्याचाच फोटो कंपनीला पाठवलाय.