कोचीत एकच दिवस: फोर्ट कोची की आलप्पुळा?

मुंबईहून क्रूझने निघालेल्या मावशीचा फोन आला. जहाज सकाळी कोचीला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार. मधल्या वेळात काय बघू?

खरा प्रश्न वेळेचा. आलप्पुळा (अलेप्पी), म्हणजे बॅकवॉटरमधली बोटीची सफर, 50 किलोमीटरच्या पुढे, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास गाडीतच. कोंडीत अडकलात तर जहाज थांबणार नाही. फोर्ट कोची हा शहराचा जुना भाग, जहाज लागतं त्या विलिंग्डन बेटापासून हाकेच्या अंतरावर. खर्चही कमी: रिक्षा, फेरी, किरकोळ तिकिटं. आलप्पुळाला टॅक्सी आणि बोट चौघांत वाटली तरच परवडते.

पाहायलाही फोर्ट कोची आणि शेजारच्या मट्टनचेरीत जास्त. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये 1524 साली वास्को द गामाला पुरलं. अस्थी पुढे लिस्बनला गेल्या, इथे नुसती शिळा उरली. मट्टनचेरीच्या राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं चुकवू नका. 1568 च्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत, पण शनिवारी ते बंद. मासेमारीची चिनी जाळी फोटोतच जास्त छान दिसतात, असं माझं मत.

ऊन आणि पायपीट मात्र आहे. गुडघे कुरकुरत असतील, सोबत चार जण असतील आणि जहाज रात्री सुटणार असेल, तर आलप्पुळाच बरं. मावशीला मी फोर्ट कोची सांगितलं.