जुन्या रायफलींचा लिलाव: फोटोंना पैकीच्या पैकी, वर्णनाला नाही

संग्रहातल्या चार रायफली विकायचं ठरलं, तेव्हा त्या जुन्या शस्त्रांचा लिलाव करणाऱ्या एका संस्थेकडे सोपवल्या. आता बोली लावणारा बहुतेक वेळा वस्तू हातात न घेताच बोली लावतो. त्याला दिसतात ते फक्त फोटो. म्हणून आधी त्यांच्या फोटो विभागाबद्दलच लिहितो.

कॅमेरा बाहेर येण्याआधीच त्यांनी माझा विश्वास मिळवला. १८५३ पॅटर्नची एन्फील्ड ठासणीची, म्हणजे दारू-गोळी तोंडातून भरायची रायफल आहे. तिथल्या माणसाने नळीत गज सोडला, तोंडापाशी बोटाने खूण धरली आणि मग तोच गज नळीला बाहेरून लावून बघितला. खूण तोंडाशी जुळवल्यावर गजाचं टोक पार मागे, ठिणगी आत जाते त्या छिद्रापर्यंत पोचायला हवं. अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी ठासलेलं आहे. इतक्या वर्षांत दारू तशीच राहिलेली बंदूक सापडणं नवलाचं नाही. त्यानंतर कागदपत्रं. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र कायद्याने ‘अँटिक’ ठरतं, इतर देशांत नियम वेगळे. कुठल्या रायफलीला कुठला नियम लागतो ते त्यांनी एकेक करून तपासलं.

साफसफाई जवळजवळ केलीच नाही, हे फार बरं झालं. मऊ ब्रशने धूळ झटकली, बस्स. नळी चकचकीत घासून फोटो काढणारे लोक रायफलीचं वयच पुसून टाकतात, आणि ते परत येत नाही.

फोटोंचं कौतुक करावं तेवढं थोडं. ब्लूइंग (गंज रोखणारा निळा-काळा थर) केलेल्या पोलादावर समोरची प्रत्येक गोष्ट उमटते, अगदी कॅमेरा धरणाऱ्याचा हातसुद्धा. लेन्सवर पोलरायझर (चमक गाळणारी काच) लावला की चमक जाते असं पुष्कळांना वाटतं. दस्त्यावरच्या तेलाची किंवा वॉर्निशची चमक बऱ्यापैकी जाते, उघड्या धातूची जात नाही. त्यासाठी दिव्यावरही पोलरायझिंग फिल्म लावावी लागते. यांनी ती लावली, आणि शिवाय प्रत्येक बाजूचा एक फोटो फिल्मशिवाय काढला, कारण चमक पूर्ण मारली की पोलाद काळंठिक्कर आणि निर्जीव दिसतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की धातूची खरी अवस्था कळते.

मार्टिनी-हेन्रीच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली ‘व्ही.आर.’ (राणी व्हिक्टोरियाची मुद्राक्षरं), ‘एन्फील्ड’ हे कारखान्याचं नाव आणि वर्ष कोरलेलं असतं. माझ्या रायफलीवर ते इतकं झिजलंय की सरळ उजेडात नुसता खरखरीत पत्रा दिसतो. त्यांनी दिवा अगदी आडवा, जवळजवळ धातूला टेकवून धरला आणि अक्षरं सावलीने उठून आली. नळीच्या आतला फोटो तर मी पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला. मागून उजेड सोडून तोंडाकडून घेतलेला, गोळीला फिरकी देणारे हेन्री पद्धतीचे ७ आटे आणि मधला गंजाचा डाग, दोन्ही स्पष्ट. डाग लपवला असता तर पुढे रायफल परत येण्याची भीती होतीच.

एन्फील्ड सुमारे ५५ इंच लांब. जवळून वाइड लेन्सने घेतली की ती वेडीवाकडी दिसते. यांनी लांब उभं राहून लांब लेन्स वापरली, नळी सरळच्या सरळ आली. स्वीडिश मॉसरच्या दस्त्यावर पितळी चकती असते, तिच्यावरच्या खुणांवरून नळीची अवस्था कळते. तिचा वेगळा फोटो घेतला. सुट्या भागांवरचे क्रमांकही एकेक करून दाखवले, म्हणजे भाग मूळचेच आहेत का हे घेणाऱ्याला स्वतः ताडून बघता येतं.

स्नायडरच्या बाबतीत मात्र निराशा झाली. जुन्या एन्फील्डचं मागचं तोंड कापून, उजवीकडे उघडणारा ठोकळा बसवून १८६६ साली आलेली ही रायफल. तिची सगळी गंमत त्या ठोकळ्यात, आणि फोटो फक्त बंद अवस्थेतले! उघड्या ठोकळ्याचा फोटो मला मुद्दाम सांगून काढून घ्यावा लागला. त्याहून वाईट म्हणजे वर्णन. नळीवरचा तपकिरी रंग नंतर कधीतरी पुन्हा चढवलेला आहे, हे मी लेखी कळवलं होतं, तरी ‘मूळ फिनिश’ असं छापलं. फोटो ग्रे कार्ड (रंग अचूक जुळवायचं राखाडी कार्ड) ठेवून घेतलेले, रंग अगदी खरे, आणि खाली चुकीचं वाक्य. दुरुस्ती झाली, पण बोली सुरू झाल्यावर. जुन्या वस्तूंच्या व्यवहारात ‘मूळ’ हा शब्द असा सैलपणे वापरणं मला चालत नाही. रायफल द्यायची असेल तर वर्णन स्वतः लिहून द्या आणि छापण्याआधी बघायला मागा.

विक्रीनंतर फोटोंच्या मूळ फाइल मागितल्या, तर लहान करून पाठवल्या. त्यात क्रमांक वाचताच येत नाहीत. संग्राहकाला नोंदीसाठी पूर्ण आकाराचे फोटो लागतात, तेव्हा हे करारातच लिहून घ्या.