पायथन, गो की रस्ट? ॲरेचा तुकडा काढताना मूळ डेटाचं काय होतं ते आधी बघा

पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेच्या पावसाच्या रोजच्या नोंदी 'पाऊस' नावाच्या ॲरेत (क्रमाने मांडलेल्या आकड्यांच्या यादीत) आहेत असं धरा. साधं वर्ष, ३६५ आकडे. त्यातला फक्त पावसाळा हवाय, १ जून ते ३० सप्टेंबर. काम एका ओळीचं, पण प्रोग्रामिंगची भाषा बदलली की त्या ओळीचा परिणाम बदलतो. भाषा निवडताना मी सिंटॅक्सच्या (लिहिण्याच्या नियमांच्या) आधी एकच गोष्ट तपासते: हातात आलेला तुकडा मूळ डेटाची झेरॉक्स आहे, की मूळ कागदच?

पायथनमध्ये पाऊस[१५१:२७३]. मोजणी शून्यापासून, शेवटची जागा वगळून. त्यामुळे २७३ वजा १५१, बरोबर १२२ दिवस. लिस्ट असेल तर नवी प्रत मिळते, तिच्यात काहीही बदला, मूळ नोंदी शाबूत. पण तोच डेटा नमपायच्या (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या) ॲरेत असेल तर ही अक्षरशः तीच ओळ मूळ मेमरीकडे बोट दाखवते आणि तुकड्यातला बदल थेट मूळ नोंदीत उतरतो. वेगासाठी हे उत्तम आहे, फक्त माहीत असायला हवं. प्रत हवी तर कॉपी मागून घ्या. पायथनची दुसरी सवय मला जास्त घातक वाटते. नोंदी ३१ ऑगस्टपर्यंतच आल्या असतील तर तो तक्रार न करता ९२ दिवसांचा तुकडा देतो. सरासरी निघते, आलेख निघतो, आणि सप्टेंबर गायब आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

गोमध्ये लिहायची पद्धत तीच, पण स्लाइस, म्हणजे काढलेला तुकडा, नेहमी मूळ ॲरेवरच उभी असते. या १२२ दिवसांच्या स्लाइसला अपेंड करून शेवटी एक आकडा जोडलात, तर मागे जागा शिल्लक असल्यामुळे तो १ ऑक्टोबरच्या नोंदीवर लिहिला जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही. उपाय भाषेतच आहे: पाऊस[१५१:२७३:२७३]. तिसरा आकडा क्षमतेची हद्द घालतो, मग अपेंड नवी जागा घेतं. ही सोय २०१३ च्या गो १.२ पासून आहे, तरी कितीतरी कोडमध्ये ती दिसत नाही. शिवाय छोटी स्लाइस जिवंत असेपर्यंत अख्खा मूळ ॲरे मेमरीत अडकून राहतो. मोठ्या फाइलमधून चार ओळी ठेवायच्या असतील तर त्यांची प्रत काढा.

रस्टमध्येही स्लाइस मूळ मेमरीवरच, पण उसनी. ती वापरात असताना मूळ ॲरेत बदल करू गेलात तर कंपायलर (कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्राम) अडवतो. मर्यादेबाहेर गेलात तर प्रोग्राम तिथेच थांबतो. थांबायला नको असेल तर गेट हे फंक्शन वापरून निकाल तपासता येतो. शिकायला वेळ लागतो, हे खरंच.

पुण्यात पाषाणला आयआयटीएमसारख्या (भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेसारख्या) ठिकाणी हवामानाच्या मॉडेलवर काम करायचं मनात असेल, तर फोरट्रान ही जुनी भाषा टळत नाही. तिथे पाऊस(१५२:२७३): मोजणी एकपासून, दोन्ही टोकं धरून. पायथनमधून येणाऱ्यांचा एक दिवस इथे हमखास चुकतो. जावास्क्रिप्टचं स्लाइस वरवरची प्रत देतं, म्हणजे यादी नवी, पण आतल्या वस्तू त्याच. नावाने जवळचं स्प्लाइस मात्र मूळ ॲरेच बदलतं.

मराठी मजकूर कापायचा असेल तर वेगळा विचार करा. 'पुणे' पायथनला चार खुणांचं (प, उकार, ण, एकार) दिसतं. पहिली खूण घेतली तर 'प' उरतो, उकार जातो. गोमध्ये तोच शब्द १२ बाइटचा, आणि पहिला बाइट म्हणजे नुसता कचरा. रस्ट अशा ठिकाणी कापू देत नाही, थेट पॅनिक होतो, म्हणजे प्रोग्राम थांबतो. स्विफ्ट ही भाषा मात्र 'पु' आणि 'णे' अशी दोनच अक्षरं मोजते.

विश्लेषण, कॉलेजचा प्रोजेक्ट, पहिली नोकरी यांसाठी मी पायथनच सांगेन, तुकड्याची लांबी तपासण्याच्या अटीवर. सर्व्हरच्या कामाला गो, पण टीममध्ये तिसऱ्या आकड्याचा नियम ठरवूनच. आणि चुकीचा आकडा कुणाच्या तरी जिवावर किंवा पैशावर बेतणार असेल, तर रस्ट शिकायला लागणारे महिने द्या.