सणाचं ताट आणि थिकनर पावडर: कुठे कामाची, कुठे नाही

लकवा, पार्किन्सन्स किंवा तोंडा-घशाच्या कॅन्सरवरचं रेडिएशन, यांनंतर ज्यांना साध्या पाण्यानेही ठसका लागतो त्यांच्या घरी थिकनरचा, म्हणजे पातळ पेय घट्ट करणाऱ्या पावडरीचा, डबा येतो. रोजच्या चहा-पाण्यात तो कसा चालतो हे लवकर कळतं. कस लागतो तो सणाला. हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नसून झँथन गम या डिंकासारख्या पदार्थापासून केलेल्या पावडरींचं आहे. निकाल आधीच सांगतो: पेयांसाठी जरूर घ्या, ताटातल्या पदार्थांना तिची गरज फार थोडी.

दुकानात स्टार्चवाल्या पावडरीही मिळतात, स्वस्तही वाटतात. पण लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च तोडतं. खाणारी व्यक्ती सावकाश खात असेल आणि तोच चमचा पुन्हा पुन्हा ग्लासात जात असेल तर तळाशी पेय पातळ होऊन बसतं. झँथनवर लाळेचा असा परिणाम होत नाही, आणि ती मापालाही बरीच कमी लागते. आणखी एक महत्त्वाचं: बद्धकोष्ठतेसाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची (मॅक्रोगॉल) पावडर चालू असेल तर स्टार्चवाला थिकनर तिच्यात मिसळू नका. मिश्रण पाण्यासारखं पातळ होतं. घरातल्या किती ज्येष्ठांना ही दोन्ही एकदम चालू असतात ते बघा, म्हणजे धोका लक्षात येईल.

मसाले दुधात ही पावडर सगळ्यात जास्त छळते. पाण्यात ती मिनिट-दोन मिनिटांत घट्ट होते, दुधात मात्र पाच ते दहा मिनिटं घेते. इथेच घोळ होतो. ‘अजून पातळच आहे’ म्हणून वरून आणखी एक चमचा टाकला जातो आणि थोड्या वेळाने दुधाची खळ होते. पद्धत अशी: बदाम भिजवून, सोलून, अगदी गंधासारखे वाटा. पिस्त्याचे काप, चारोळी आणि केशराच्या काड्या नकोत. केशर दुधात खलून गाळून घाला. दूध कोमट झालं की काट्याने गोल फिरवत ठेवून डब्यावरच्या मापाने पावडर भुरभुरवा. एकदम ओतली तर बाहेरचा थर फुगतो, आत कोरडी पावडर अडकते आणि गुठळ्या होतात. त्या नंतर विरघळत नाहीत, गाळूनच काढाव्या लागतात. पाच मिनिटांनी पुन्हा ढवळा. घट्ट झालेल्या दुधात नव्याने पावडर घालू नका. कमी पडली तर दुसरा ग्लास करा.

मग मोजा. गिळायला त्रास असलेल्यांच्या अन्न-पेयांचा घट्टपणा पातळ्यांमध्ये मोजणारं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयडीडीएसआय; त्याची चाचणी घरी होते: १० मिली सिरिंज (शून्यापासून १० च्या खुणेपर्यंत ६१.५ मिमी लांबीची), दट्ट्या काढलेला, टोकाला बोट. १० मिलीपर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंदांनी पुन्हा लावा. १ ते ४ मिली उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर ३. ज्या तापमानाला प्यायला देणार त्याच तापमानाला मोजा. पातळी कोणती हे गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टने ठरवायचं, पावडरच्या डब्याने नाही.

मठ्ठा आणि सोलकढी छान जमतात, फक्त आलं-मिरची-कोथिंबिरीसकट सगळं आधी गाळून घ्या. पावडरीने मीठ आणि आंबटपणा दबतो, म्हणून चव घट्ट झाल्यावर बघा. जिभेवर किंचित बुळबुळीतपणा राहतो, त्याला इलाज नाही.

ताटात मात्र आपल्याकडे आयते पदार्थ आहेत. श्रीखंड चक्का पुरणयंत्रातून काढून केलं तर पातळी ४ ला (गुळगुळीत, न वाहणारं, चमच्याने खायचं) सहज बसतं. कडेला सुटलेलं पाणी तेवढं ओतून टाका आणि पुन्हा फेटा, कारण ठसका त्या पाण्याने लागतो. अळूचं फदफदं दाणे आणि हरभऱ्याची डाळ वगळून, चिंच घालून नीट शिजवून घोटलं की झालं. पुरण बारीक जाळीतून काढून कोमट दुधात सैल करा. गार झालं की गुळाने आवळतं आणि टाळूला चिकटतं. चमचा तिरका केला की गोळा एकसंध घसरला पाहिजे. चिकटून राहिला तर अजून दूध. पोळी मात्र विसरा.

भात मिक्सरमध्ये फिरवू नका. पात्यांनी स्टार्च फुटून डिंक होतो आणि त्यात थिकनर घातला तर आणखी वाईट. तांदूळ सहापट पाण्यात मऊ शिजवून तूप घालून गाळणीतून घासून काढा, वरण त्यातच एकजीव करा. वर वेगळं पातळ वरण ओतलं तर पातळ आणि घट्ट एकाच घासात येतं, आणि तोच घास सर्वांत अवघड.

बेसनाचा लाडू कुस्करून दुधात तीन-चार मिनिटं शिजवला की स्वतःच घट्ट होतो; गाळा, पावडर लागत नाही. चकली-चिवडा मात्र कसाही देता येत नाही, तो वगळाच. कुल्फी आणि जेली दिसायला घट्ट, पण तोंडात पाणी होतात, म्हणून पातळ द्रव बंद असलेल्यांना देऊ नका.

खरेदी करताना पहिल्यांदा सुटी पाकिटं घ्या. डबा पावसाळी हवेत लवकर ढेकळतो, त्यात ओला चमचा गेला की संपलंच. तान्ह्या बाळांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली कुठलीच पावडर नको.