सेकंडहँड ब्रँडेड बॅगा, नागपुरात बसून: घेतल्या, वापरल्या, विकल्या

मागच्या दिवाळीच्या सुमारास मी वापरलेल्या डिझायनर वस्तू ऑनलाइन घ्यायला आणि विकायला लागले. आता हिवाळा, मे महिना आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू त्या वस्तूंनी माझ्या कपाटात काढले आहेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. तीन प्रकारची ठिकाणं वापरली. एक म्हणजे वस्तू स्वतःकडे मागवून, तपासून मग विकणारं लक्झरी रीसेलचं संकेतस्थळ. दुसरं, सोफ्यापासून स्कूटरपर्यंत सगळं विकलं जातं ते जाहिरातींचं अ‍ॅप. तिसऱ्या इन्स्टाग्रामवरच्या विक्रेत्या. नावं घेत नाही. सगळ्यांचा कारभार थोड्याफार फरकानं सारखा आहे. खरा फरक पडतो तो वस्तू खरी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कोणावर आहे, यानं.

नागपुरात ही अडचण जरा जास्तच आहे. इथे लुई व्हिटॉन किंवा गुचीचं दुकान नाही. नवी बॅग हातात धरून पाहायची तर मुंबईला बीकेसीत जिओ वर्ल्ड प्लाझापर्यंत जायला हवं. उलट बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, लुई व्हिटॉनचा मोनोग्राम (एलव्ही अक्षरांची ती नक्षी) फुटपाथवर लटकलेला असतो, आणि भाव केला तर आणखी दोनशे रुपये कमी होतात. त्यामुळे आपल्या डोळ्याला सवय झालेली असते ती कॉपीची. खरी वस्तू समोर आली की तीच खोटी वाटते.

माझी लुई व्हिटॉनची स्पीडी नावाची बॅग घरी आली तेव्हा हेच झालं. तपासणी करणाऱ्या संकेतस्थळावरून साठेक हजारांना घेतली होती, नव्या किमतीच्या निम्म्याहून कमी. सासूबाईंचा पहिला प्रश्न, ‘दुसऱ्याची वापरलेली पर्स कायले घेते वं?’ जाऊबाईंनी मात्र बॅग उलटीपालटी करून पाहिली आणि निकाल दिला: मागच्या बाजूची अक्षरं उलटी आहेत, म्हणजे फसवलं तुला. खरं तर स्पीडीत ती उलटीच असायला हवीत. मोनोग्राम स्पीडीचं अंग कॅनव्हासच्या एकाच सलग तुकड्याचं असतं. तो तुकडा तळाखालून वळून मागे जातो, त्यामुळे पुढची अक्षरं सुलटी आणि मागची उलटी येतात. कॉपी करणाऱ्यांतले काही जण ‘चूक’ दुरुस्त करायला दोन तुकडे तळाशी जोडतात आणि तिथेच सापडतात. आणखी एक सांगते. मोनोग्रामचा तो तपकिरी भाग चामडं नसून वरून लेप दिलेला सुती कॅनव्हास आहे. चामडं असतं ते हँडल आणि कडांना, आणि ते रंग न दिलेलं असतं. हात, ऊन आणि हवा लागून ते हळूहळू मधाच्या रंगाचं होतं. दहा वर्षं वापरलेली म्हणून सांगितलेल्या बॅगेचे हँडल अगदी पांढुरके दिसले तर विचारायचं, हँडल बदलले का? बदललेले असतील तर बिल दाखवा.

डेट कोडबद्दल इन्स्टाग्रामवर फार गैरसमज आहेत. विक्रेत्या लिहितात, ‘सीरियल नंबर आहे, म्हणून ओरिजिनल’. लुई व्हिटॉनचा डेट कोड सीरियल नंबर नसतोच. तो बॅग कुठे आणि कधी बनली एवढंच सांगतो. 2007 पासूनच्या कोडमध्ये दोन अक्षरांनंतर चार आकडे येतात. पहिला आणि तिसरा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे 4129 असेल तर 2019 सालचा 42वा आठवडा. आठवड्याच्या जागी 53 पेक्षा मोठा आकडा आला तर पुढे बोलायचंच नाही. 2021 च्या मार्चपासून कंपनीनं हे कोड बंद करून आत चिप टाकायला सुरुवात केली. तेव्हा ‘2023 ची खरेदी, डेट कोडसहित’ अशी जाहिरात दिसली की मी तिथूनच मागे फिरते. शनेलनंही 2021 मध्येच आतलं स्टिकर आणि कार्ड सोडून चिप असलेली धातूची पट्टी लावायला घेतली. कार्ड सोबत आहे म्हणून बॅग खरी, हे तर अजिबात धरू नका. नुसती कार्डंही बनवून विकली जातात.

आता कोच या अमेरिकन ब्रँडबद्दल. माझ्या मते नागपूरसारख्या गावात सेकंडहँड सुरू करायचं तर कोचपासून करावं. चामडं जाड असतं, घरी साफ होतं, आणि कॉपी कोचच्याही निघत असल्या तरी किंमत बेताची असल्यानं फसगत झालीच तर नुकसान कमी होतं. मी जाहिरातींच्या अ‍ॅपवर प्रताप नगरच्या एका बाईंकडून नऊ-साडेनऊ हजारांत घेतली. त्यांच्या मुलानं ती अमेरिकेहून आणली होती आणि त्यांना ती जड वाटत होती. आतल्या चामड्याच्या पॅचवर नंबर असतो. जुन्या बॅगांत रेघेनंतरचे आकडे मॉडेलचे असतात. ते इंटरनेटवर टाकले की त्या मॉडेलचे फोटो येतात आणि समोरच्या बॅगेशी ताडून पाहता येतं. पॅच असणं हा पुरावा नव्हे, पण पॅच एका मॉडेलचा आणि बॅग दुसऱ्याच मॉडेलची, ही भानगड तिथेच उघडी पडते. बॅग रोज मिहानला ऑफिसात नेते. एका कोपऱ्यावर कडेचा रंग उडालाय, बाकी तक्रार नाही.

ज्या गोष्टीबद्दल कोणीच लिहीत नाही ती म्हणजे आपला कूलर. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर जातं आणि घराघरात खिडकीला कूलर लागतो. कूलर हवा थंड करतो ती पाण्याची वाफ करून, म्हणजे खोलीत दिवसरात्र ओलावा सोडून. ज्या खोलीत कूलर त्याच खोलीत गोदरेजचं कपाट, आणि त्यात बॅगा. मग लगेच पावसाळा. चामड्यावर बुरशीचे पांढरे ठिपके येतात हे सगळ्यांना माहीत आहे, ते पुसूनही निघतात. पण जुन्या बॅगांच्या आतल्या खिशांना जो सिंथेटिक लेप असतो, तो ओलावा पिऊन चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. यावर इलाज नाही, अस्तरच बदलावं लागतं. नव्वदच्या दशकातल्या इटालियन आणि फ्रेंच बॅगा स्वस्त मिळतात त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. फोटोत बाहेरचा भाग सुंदर दिसतो आणि आतल्या खिशाचा फोटो नसतो. मी आता विक्रेत्याला एकच सांगते, खिसा उलटा करून टिश्यू पेपर दाबा आणि व्हिडिओ पाठवा. कागद चिकटला तर व्यवहार संपला. मुंबईच्या दमट हवेतून येणाऱ्या बॅगांच्या बाबतीत कुबट वास येतो का, तेही विचारते. बऱ्याच जणी खरं सांगतात, हे आश्चर्य.

माझ्या बॅगा आता कूलरच्या खोलीत नाहीत. देवघराशेजारच्या कपाटात आहेत, सुती पिशव्यांत, आत जुन्या साड्यांचे बोळे, सोबत सिलिका जेल. वर्तमानपत्र भरू नका, शाई अस्तराला लागते. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका.

विकण्याचा अनुभव खरेदीपेक्षा बराच कडू आहे. नणंद परदेशात असते. तिनं तिच्या न वापरलेल्या काही वस्तू माझ्याकडे ठेवल्या होत्या आणि म्हणाली, ‘वहिनी, विकून टाक, माझ्यानं होत नाही.’ तपासणीवाल्या संकेतस्थळाला फोटो पाठवले, त्यांनी अंदाजे भाव सांगितला, कुरिअरवाला घरून घेऊन गेला. इथवर उत्तम. वस्तू त्यांच्याकडे पोचली की मात्र भाषा बदलते. ‘कोपऱ्याला हलकी घासण’, ‘हार्डवेअरवर ओरखडे’ (म्हणजे कड्या-चेनवर), ‘मूळ बिल नाही’. भाव खाली येतो, त्यातून त्यांचं कमिशन जातं (माझ्या बाबतीत पाव ते एक तृतीयांश, वस्तूवर अवलंबून), आणि पैसे येतात ते खरेदीदाराची परतीची मुदत संपल्यावर. नको म्हटलं तर परत पाठवतात, पण कुरिअरचा खर्च आपला. म्हणजे हातातून वस्तू गेली की घासाघीस करायची ताकदही गेली. ओरखड्यांचे फोटो आपणच आधी काढून ठेवले आणि पॅकिंगचा सलग व्हिडिओ केला, तर निदान ‘हा ओरखडा तुमच्याकडे पडला’ असं म्हणता येतं. एका पाकिटाच्या बाबतीत मला तसं म्हणावं लागलं, आणि त्यांनी ते मान्य केलं.

तरीही महागड्या वस्तूसाठी मी त्यांच्याकडेच जाईन. नागपुरात साठ हजारांची वापरलेली बॅग घेणारी माणसं नाहीत असं नाही, रामदासपेठेत आणि सिव्हिल लाइन्समध्ये भरपूर आहेत. पण ती अनोळखी बाईच्या शब्दावर घेत नाहीत, आणि त्यांनी घेऊही नये. तपासणीच्या शिक्क्याला पैसे पडतात ते यासाठी. बिल असेल तर गोष्ट वेगळी. बिल, बॉक्स आणि डस्ट बॅग (सोबत येणारी कापडी पिशवी) असलेल्या वस्तूला मला सरळ जास्त भाव मिळाला, आणि प्रश्नही कमी आले. परदेशातून काही आणलं तर बिल फेकू नका, थर्मल कागदाचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, त्याची अक्षरं उडतात.

जाहिरातींच्या अ‍ॅपवर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मॅडम, लास्ट बताओ’. लास्ट सांगितलं की त्याच्या निम्म्यात मागतात. ‘एक्स्चेंज करोगे क्या, मेरे पास आयफोन है’. आणि मग तो ठरलेला माणूस, जो भाव न करता लगेच तयार होतो, स्वतःला फौजी म्हणवतो, बदली झाली म्हणून प्रत्यक्ष येऊ शकत नाही, आणि ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला पाठवतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन मागितला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पैशांची विनंती पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली आहे, पण क्यूआरचं नाटक चालूच आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. या फौजींना मी आता उत्तरही देत नाही.

खरे खरेदीदार भेटतात ते सीताबर्डी इंटरचेंज मेट्रो स्टेशनवर. दोन्ही लाइनी तिथे येतात, सीसीटीव्ही आहे, कोणालाच लांब पडत नाही. घरचा पत्ता देत नाही.

कायद्याचं थोडं. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. पेआउट अडकलं होतं तेव्हा मी चॅटवर वाद घालणं सोडून त्या अधिकाऱ्याला मेल केला आणि नियमाचा उल्लेख केला, तेव्हा कुठे पैसे हलले. तिथेही दाद लागली नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि कॉपी असल्याचं माहीत असून ‘ओरिजिनल’ म्हणून विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, किमान सहा महिने कैदेची तरतूद आहे. ‘फर्स्ट कॉपी’ असं प्रामाणिकपणे लिहिलं म्हणून सुटका होते, असं समजणाऱ्या इन्स्टाग्रामवरच्या ताईंनी हे वाचावं.

बूट आणि सनग्लासेस मी घेत नाही. पहिल्याचे तळवे ओलाव्यानं भुगा होतात, दुसऱ्याच्या कॉपी फोटोवरून ओळखता येत नाहीत.

राहिले लग्नाचे कपडे. आपल्याकडे सेकंडहँड डिझायनरचा खरा बाजार बॅगांपेक्षा लेहंग्यांचा आहे असं माझं मत झालंय, कारण बॅग रोज वापरता येते आणि लेहंगा एकदाच. चुलत बहिणीचा लेहंगा संकेतस्थळानं बिलाशिवाय घ्यायला नकार दिला. त्यांचंही बरोबर आहे, मोठ्या डिझायनरांच्या हुबेहूब नकला दिल्लीच्या बाजारात शिवून मिळतात. बिल शोधून काढलं तर त्यांनी मूळ किमतीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास भाव सांगितला. मग मी अ‍ॅपवर बिलाच्या फोटोसकट जाहिरात टाकली, फक्त नाव-पत्ता झाकला. कमरेचं, छातीचं, उंचीचं माप इंचांत लिहिलं, आणि ब्लाउजच्या शिवणीत किती माया सोडली आहे तेही. सगळ्यात जास्त विचारणा त्या शेवटच्या ओळीमुळे आली. रायपूरची एक मुलगी आईला घेऊन सकाळच्या गाडीनं आली, धरमपेठेतल्या आमच्या टेलरकडे घालून पाहिला, मागच्या जरीवर काळपटपणा होता त्याबद्दल तिच्या आईनं थोडे पैसे तोडले, आणि उरलेली रक्कम तिथेच खात्यात जमा झाली. संकेतस्थळानं सांगितलेल्या भावाच्या जवळजवळ दीडपट. भारी कपड्यांसाठी मी आता हीच वाट धरते, आणि टेलरला त्याचे दोनशे रुपये वेगळे देते.